शेवट तू सांग

त्याला सगळे परीक्षकच म्हणत. वर्तमानपत्रात दर आठवड्याला तो एका पुस्तकाबद्दल लिहायचा आणि झोकात लिहायचा. गंमत एवढीच, की कित्येक वर्षांत त्यानं एकही पुस्तक पुरतं वाचलं नव्हतं. सुरुवातीची थोडी पानं चाळायची आणि फोनवर नाव टाकायचं. सारांश, पात्रं, शेवट, सगळं हजर! शितावरून भाताची परीक्षा होते, मग अख्खा टोप कशाला उपसायचा? आजवर कुणाला पत्ता लागला नव्हता.

म्हणून दादानं इस्पितळातल्या पलंगावरून कागदांचा गठ्ठा हातात ठेवला, तेव्हाही तो डगमगला नाही. दादा त्याचा थोरला भाऊ. जन्मभर शाळेत गणित शिकवलं आणि निवृत्तीनंतर जुन्या टाइपरायटरवर ही एकच कादंबरी बडवली. प्रत एकुलती एक. आता हृदयानं असहकार पुकारला होता.

"तुझ्याशिवाय कुणाला दाखवली नाही," दादा म्हणाला. "वाच आणि ये. पण जरा लवकर ये बाबा."

घरी तो मन लावून बसला. दीपगृहाच्या म्हाताऱ्या रखवालदाराची गोष्ट होती. पण तिसऱ्याच पानावर नजर घसरू लागली. ओळ संपायची आणि डोक्यात काही उरायचं नाही. बोटांनी सवयीनं फोन उचलून नाव टाइप केलंसुद्धा. मग त्याला हसू आलं. न छापलेली कादंबरी तिथं सापडणार कपाळ!

सापडली. पात्रं होती, सारांश होता आणि शेवटही होता: रखवालदार आपल्या हातानं दिवा विझवतो आणि अंधारात होडी लोटतो.

दादाच्या एखाद्या विद्यार्थ्यानं टाकलं असेल, अशी त्यानं स्वतःची समजूत घातली आणि दुसऱ्या दिवशी बेधडक बोलला, "शेवट म्हणजे कमाल आहे, दादा! स्वतःच दिवा विझवतो!"

दादाचा चेहरा उतरला.

"शेवट मी लिहिलाच नाही. मागची पानं कोरी आहेत. विसरलास? लहानपणी मी गोष्ट अर्ध्यावर सोडायचो आणि शेवट तू सांगायचास." त्यानं उशीवरून मान उचलली. "दिवा विझवायचं माझ्या मनात होतं. पण मी ते कुणाला बोललो नव्हतो. तुला कसं कळलं?"

परीक्षकानं हातातला फोन खिशात सरकवला.

"माझा शेवट मला ठाऊक आहे रे. मला तुझा हवा होता."

आयुष्यात पहिल्यांदा त्याला आपल्या हुशारीची शिसारी आली. त्यानं फोन बंद करून घरी कपाटात टाकला आणि इस्पितळाच्या व्हरांड्यातल्या बाकावर ठाण मांडलं. पहिलीतल्या पोरासारखं ओळीखाली बोट धरून वाचलं. आधी डोकं दुखलं, मग हळूहळू वाचन जमू लागलं, आणि एक पान तर त्यानं मागं जाऊन पुन्हा वाचलं. शेवटी पेन्सिल घेऊन त्यानं कोरी पानं भरली. त्याचा रखवालदार दिवा विझवत नाही. तो उजाडेपर्यंत जागतो, कारण त्याचा भाऊ येणार असतो. हे पुरतं आपलं होतं, कुणाकडून उसनं घेतलेलं नव्हतं. तो आत गेला तो छाती पुढे काढूनच.

दादानं खुणेनंच म्हटलं, वाच.

त्यानं वाचलं, कागदावरची नजर न हलवता, अगदी शेवटच्या शब्दापर्यंत. वाचून झालं तेव्हा खिडकीपाशी बसलेली वहिनी त्याच्याकडे विचित्र नजरेनं बघत होती.

"भावजी, हे मी परवाच वाचलं."

"परवा?"

"सहज यांच्या कादंबरीचं नाव टाकलं फोनवर. शब्दन् शब्द हाच होता."

"वहिनी, हे मी आज सकाळी लिहिलंय."

तिनं फोन पुढं केला. त्याचीच वाक्यं होती. त्यानं खोडलेला एक शब्दही तिथं नव्हता.

"खाली अजून थोडं होतं," ती म्हणाली. "मला वाटलं, गोष्टीतलंच असेल."

खाली लिहिलं होतं: धाकट्यानं शेवट पूर्ण वाचला. थोरल्यानं अर्धाच ऐकला.

खोलीत काहीच आवाज नव्हता.

पलंग हाताच्या अंतरावर होता. नुसती मान वळवली असती तरी पुरे होतं.

परीक्षकानं बोटानं फोनवरचं पान सरकवलं, पुढं काय आहे ते बघायला.