तिसऱ्या वळणावर

लिफ्ट बंद होती, म्हणून ती जिन्याने निघाली. सोबत एक अनोळखी माणूसही निघाला. हॉस्पिटलच्या त्या जुन्या बाजूला दिवसाही दिवे लावावे लागत, आणि तरी उजेड म्हणून पडत नसे.

पहिल्या वळणावर तो थांबला. "चष्म्याची डावी काडी वाकलीय तुमची," म्हणाला, आणि रीतसर परवानगी मागून सरळ करून दिली. चष्म्याचं दुकान होतं म्हणे त्याचं. दुसऱ्या वळणावर त्याने तिला लांबची पाटी वाचायला लावली. तिसऱ्यावर काही सुचलंच नसावं... नुसता बघत राहिला. रोज माणसांना भूल देणारी डॉक्टरीणबाई चक्क लाजली.

एकच गोष्ट खटकली. मागून कुणीतरी पाय घासत चढत होतं. हे दोघं थांबले की तेही थांबे — पण जरा उशिराने. तिने वाकून पाहिलं. जिना रिकामा.

दुपारी तोच तिच्या खोलीत, हातात फाईल. पित्ताशयातले खडे, उद्या ऑपरेशन. दोन मजले चढून धाप लागते का, हा नेहमीचा प्रश्न तिने विचारला. तो म्हणाला, तुमच्या देखतच चढलो की, उलट तुम्हीच दमलात. ती हसली, आणि हसतहसतच तिने स्टेथोस्कोप त्याच्या छातीला लावला.

खर्र... खर्र... तेच पाय घासणं. आतून.

तिने स्टेथोस्कोप कानातून काढला.

"वळणावर का थांबत होतात?"

"तुमच्यासाठी."

"खरं सांगा."

त्याने शर्टाचं बटण लावलं. "अंधारी येत होती. तिसऱ्या वळणावर तर तुम्ही दिसतही नव्हता... नुसता आवाज येत होता."

म्हणजे ती नजर! बाई स्वतःशीच खट्टू झाली, आणि लगेच त्याबद्दल स्वतःला रागावली.

हृदयाची सोनोग्राफी झाली. एक झडप पार आकसलेली. भुलीने रक्तदाब उतरला असता, तर हे हृदय पुन्हा सावरलं नसतं. खडे थांबतील, आधी झडप बदलायची, असं तिने बजावलं. त्याने कुरकुरत मानलं, पण भूल तिनेच द्यायची या अटीवर.

"मी नाही देणार."

"का? माझ्यावर राग?"

"हात थरथरेल माझा."

तो बघत राहिला. या वेळी दिसत होतं त्याला, नीट.

"मग तुम्ही कुठे असाल?"

"बाहेर. नातेवाइकांच्या बाकावर."

"कोण म्हणून बसणार?"

"शुद्धीवर या," ती म्हणाली, "मग सांगते."