बंद खोलीतला झीरो

सांगतो, पण मध्ये थांबवू नका. पुन्हा सुरू करायचं बळ माझ्यात नाही.

तक्रार साधीच होती. चौथ्या मजल्यावर एकट्या राहणाऱ्या एका ताईंच्या घरातला गॅस डिटेक्टर रोज दुपारी तीनला वाजायचा. आमच्या गॅस कंपनीतले दोघे जाऊन हात हलवत परत आले होते. गळती नाही, गॅसचा गीझर तर वर्षापूर्वीच काढून टाकलेला. "तूच जा," साहेब म्हणाले. "तुझा हात लागला की यंत्रं सुतासारखी सरळ होतात." मला हसू आलं नाही. तो डिटेक्टर मीच बसवला होता.

आमच्या कामात एक नियम डोळे झाकून पाळायचा असतो. गॅस नीट जळला नाही की निघणाऱ्या विषारी कार्बन मोनॉक्साइडला ना रंग, ना वास. म्हणून डिटेक्टर आधी बाहेर मोकळ्या हवेत न्यायचा आणि तिथे त्याचा झीरो लावायचा, म्हणजे शुद्ध हवा कशी असते ते त्याला कळतं. त्या दिवशी माझा गुडघा ठणकत होता. चार जिने उतरून पुन्हा चढणं जिवावर आलं, आणि मी झोपायच्या खोलीतच झीरो लावून टाकला. गीझर तेव्हाच थोडाथोडा तो विषारी वायू सोडत होता. डिटेक्टरने त्या विषालाच शुद्ध हवा मानलं. आठ दिवसांनी ताईंचे यजमान दुपारी जरा आडवे झाले, ते उठलेच नाहीत. डिटेक्टर गप्प राहिला. ठपका बंद खिडकीवर आला, माझं नावही निघालं नाही.

ताईंनी दार उघडलं. "हळू या हं, भाऊ... हे जरा पडलेत."

पलंग रिकामा होता. चादरीला एक सुरकुती नव्हती.

तीन वाजले आणि डिटेक्टर किंचाळू लागला. आकडा दोनशे बारा. माझ्या हातातला मीटर मात्र शून्यावर होता. मी पलंगाच्या उशाशी वाकलो, तसा तो चढू लागला. चढायचा, उतरायचा, पुन्हा चढायचा... संथपणे, झोपलेल्या माणसाचा श्वास चालावा तसा. माझ्या गालाला ऊब लागली.

मी डिटेक्टर भिंतीवरून काढला आणि चारही जिने धावत उतरलो. उघड्यावर झीरो लावला, एक वर्ष उशिरा. वर आलो तेव्हा खोली शांत होती.

"सापडलं का काही?" ताई कुजबुजल्या. "खिडकी मीच लावली होती हो... त्यांना ऊन लागू नये म्हणून. माझ्याच हातांनी मारलं मी त्यांना."

एक वाक्य पुरे होतं. ताई, चूक माझी होती. ते अगदी ओठांवर आलं. मग नोकरी आठवली, आणि मी म्हणालो, "सेन्सर जुना झाला होता... आता नाही वाजणार."

परवा दुपारी त्यांचा फोन आला. बायको माहेरी गेलेली, घरात मी एकटाच.

"भाऊ, आता वाजत नाही... पण हेही येत नाहीत हो. तुमच्या मागोमाग जिना उतरले, ते परतलेच नाहीत. तुमच्याकडे आहेत का? असतील तर पाठवा ना... मला त्यांची माफी मागायचीय."

आतल्या खोलीत पलंग करकरला. कुणीतरी कूस बदलली.

"नाही, ताई," मी म्हणालो. "इथे कुणी नाही."