उघडी माती

मी जमिनीवर पालथी पडले होते, नाक मातीला टेकलेलं... आणि डोक्याशी दोन बूट येऊन थांबले.

"चक्कर आली का? पाणी आणू?"

"हलू नका. तुमचा पाय सदतीस नंबरवर पडेल. बाजूनं जा, दादा."

"दादा तेवढं म्हणू नका. पुढे अडचण होईल."

मला हसू आलं. तिथंच मी फसले.

तो वाचनालयाचा नवा माळी. सदतीस नंबर म्हणजे एका रानमधमाशीचं बीळ. या माश्या पोळं बांधत नाहीत. उघड्या जमिनीत प्रत्येकीचं स्वतंत्र बीळ, तळाशी परागाचा गोळा, त्यावर अंडं, वर मातीचं बूच. मग आई मरते आणि पिल्लं पुढच्या वर्षी बाहेर येतात. अख्ख्या गावात अशी जागा मला एवढी एकच सापडली होती. माझा प्रबंध त्या पिल्लांवर अडला होता.

तो रोज बिळांपाशी रोवलेले माझे नंबरांचे झेंडे चुकवत झाडांना पाणी घालायचा. एकदा झारी खाली ठेवून म्हणाला, "तुमच्या माश्यांना आवडतं काय?"

"फुलं."

"आणि तुम्हाला?"

"मलाही... फुलंच."

खरं उत्तर उघडी, कडक माती असं होतं. पण ते सांगताना लाजता येत नाही.

बिळांना बुचं लागली. जागा वहीत उतरवून मी झेंडे काढले आणि आईच्या ऑपरेशनसाठी महिनाभर घरी गेले. परतले तर तो फाटकातच उभा.

"डोळे मिटा."

त्यानं माझा हात धरला, पहिल्यांदाच. मला चालताना काही सुचत नव्हतं.

"आता उघडा."

समोर, झेंडे होते तिथंच, वाफे होते. काळी भुसभुशीत माती, ओळीनं लावलेली रोपं.

"तुमच्या माश्यांसाठी," तो म्हणाला. "आणि... माझ्याशी लग्न कराल का, हे विचारायला."

"खणलंत किती?"

"चांगलं हातभर. एकट्यानं."

माझी बिळं वीतभर खोल होती.

मी हात सोडवून घेतला आणि तोंडाला येईल ते बोलले. अडाणी म्हणाले. तो शांतपणे म्हणाला, "खाली पिल्लं आहेत, हे सांगायचं होतंत." मी सांगितलं नव्हतं. मला नुसतं गोड बोलायचं होतं.

आठवड्यानं माफी मागायला गेले, तर तो नोकरी सोडून गेला होता.

पुढच्या वर्षी मी त्या वाफ्यांपाशी महिनाभर बसले. फुलं भरभरून आली होती. जमिनीतून एकही माशी वर आली नाही. ते टिपून घ्यायचंही माझ्याकडून राहिलं, कारण मी सगळे दिवस फाटकाकडे बघत होते.