सव्वा वीत दोरी

तुम्ही विश्वास ठेवाच, असा माझा आग्रह नाही. पण यातलं काही मी रचलेलं नाही. विजयमाला माझी सख्खी थोरली बहीण. कॉलेजात शिकलेली, उठसूट भिणारी नव्हे.

मे १९७४. सोलापूर, सात रस्त्याजवळचं गॅरेज.

रात्र नव्हती. टळटळीत दुपार होती.

गॅरेज तिच्या नवऱ्याचं, म्हणजे मानसिंग दाजींचं. मागच्या दोन खोल्यांत घर. घरात पाळणा, पाळण्यात आठ महिन्यांची अंबू.

वैरागहून एक गाडी आली होती. लाल, दोन सीटची, विलायती स्पोर्ट्स. तिथल्या मालकांच्या वडिलांनी हौसेनं घेतलेली. इंजिनच्या मागून तेल गळायचं. क्रँकशाफ्टचं, म्हणजे इंजिनातल्या फिरत्या दांड्याचं, तेल अडवणारं सील गेलं होतं. त्या जुन्या इंजिनात रबरी सील नव्हतं, खोबणीत दोरी ठासावी लागे. दाजींनी तीनदा गिअरबॉक्स उतरवला, तीनदा मुंबईची दोरी बसवली.

तीनदा गाडीखाली तेलाचं थारोळं.

मग गॅरेजातले म्हातारे सिद्धाप्पा मिस्त्री म्हणाले, कोरी दोरी क्रँकवर बसत न्हाय. सुती पायजे, वापरून मऊ पडलेली. गिरणीत आमी असंच करत हुतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी विजयमालानं पाळण्याची दोरी ओढायला हात घातला...

दोरी आखूड झाली होती.

आमच्या आईनं जुन्या लुगड्याच्या काठाची वळलेली दोरी. कापलेलं टोक तसंच लोंबत होतं.

ती तरातरा गॅरेजमध्ये गेली. दाजी इंजिन चालू करून उभे होते, खुशीत. खाली तेलाचा थेंब नव्हता.

"मला विचारलंत?"

"सव्वा वीत तर कापली की गं. एवढं काय त्यात?"

तिचं डोकं फिरलं. दोरी लेकीची होती, यांच्या इंजिनाची नव्हे. तणतणत ती घरात आली.

घर शांत होतं.

फार शांत...

अंबू जागी होती. तोंड वासलेलं, चेहरा लालबुंद, डोळ्यांतून पाणी. ती रडत होती, जीव तोडून रडत होती.

आवाज नव्हता.

डॉक्टर म्हणाले, घसा ठीक आहे, उन्हाचं असेल. सासूबाई म्हणाल्या, पोर शांत झाली तर तुला का खुपतं? दाजी म्हणाले, तू फार विचार करतेस. दोन दिवस ती हेच ऐकत होती आणि आतल्या आत जळत होती.

तिसऱ्या दुपारी येडू ड्रायव्हर वैरागहून गाडी न्यायला आला. त्यानं इंजिन चालू केलं. विजयमाला अंबूला कडेवर घेऊन दारात उभी होती.

इंजिनची घरघर... आणि त्या घरघरीच्या खाली काहीतरी बारीक...

रडणं.

आईला लेकीचं रडणं ओळखायला कुणाला विचारावं लागत नाही.

तिनं टायर काढायची पहार उचलली आणि गाडीच्या आडवी उभी राहिली.

"माझी दोरी काढा. त्याशिवाय ही गाडी इथून हलणार नाही."

दाजी हसायला गेले. तिच्याकडे बघून मागे सरकले. येडूनं इंजिन बंद केलं.

रडणं थांबलं नाही...

आता सगळ्यांनीच ऐकलं. सिद्धाप्पांनी पाना उचलला.

गिअरबॉक्स उतरला, फ्लायव्हील निघालं. उन्हं कलली तरी ती जागची हलली नाही. शेवटी सिद्धाप्पांनी चिमट्यानं दोरी ओढली. तेलानं काळी पडलेली, पण आईच्या काठाची.

तिच्या खालून दुसरी निघाली.

लाल. जुनी, झिजून मऊ पडलेली. टोकाला पाळण्यावर टांगतात तसली, खेळण्यातली काचेची इवली चिमणी.

"ही मी न्हाय घातली," सिद्धाप्पा म्हणाले. "तीन येळा रॉकेलनं खोबण धुतलीया मी. काय बी नव्हतं."

येडूनं पुढं होऊन ती लाल दोरी हातात घेतली. गाडी नवी होती त्याच साली मालकांच्या बहिणीचा जन्म झाला होता.

"ताईसाब अजून बोलल्या न्हाईत," तो म्हणाला. "सव्वीस वर्सं झाली. रडल्या बी न्हाईत कदी."

तेवढ्यात अंबूनं टाहो फोडला.

विजयमालानं तिला छातीशी घट्ट धरलं. दोन दिवसांचा राग डोळ्यांतून वाहायला लागला. आणि मग तिच्या लक्षात आलं...

त्या रडण्यात दोन आवाज होते.

लाल दोरी येडू रुमालात बांधून घेऊन गेला. विजयमालानं वैरागला दोन पत्रं टाकली. उत्तर आलं नाही. त्या बाई अजूनही बोलत नाहीत, एवढंच कानावर आलं.

अंबू आता पाच वर्षांची आहे. मागच्या दिवाळीत पडली, गुडघा फुटला, रडली. मी शेजारच्या खोलीत होते. कुणाची दोन मुलं रडताहेत म्हणून धावत गेले.

तिथं ती एकटीच होती.

विजयमाला दाजींना त्या दोरीबद्दल अजून बोलते. त्यांनी माफी मागितली, तिनं दिली नाही. मीही दिली नसती.

माझं बाळ आता तीन महिन्यांचं आहे. त्याच्या पाळण्याची दोरी मी रोज वितीनं मोजते.

आज तरी ती पूर्ण भरली.