थरथरलेली ओळ

"बाहेर कोण नाचतंय?" मी दार उघडून ओरडले.

कॉरिडॉरमध्ये तो एकटाच उभा होता. पायात जाड टाचांचे बूट, हातात टंगस्टनच्या सुयांची डबी. प्रयोगशाळेतला नवा सुईवाला, म्हणजे सुया घडवणारा. आमच्या सूक्ष्मदर्शकाची सुई अणूंना न शिवता, त्यांच्यावरून ओळीओळीने फिरते आणि चित्र काढते. जवळ कोणी पाय आपटला की ओळ थरथरते. माझ्या तर तीन थरथरल्या होत्या.

"नाचता येत नाही, मॅडम," तो म्हणाला. "नुसता चालत होतो."

त्याने मुकाट्याने बूट काढले. डाव्या मोज्यातून अंगठा डोकावत होता... मला हसू आवरेना.

त्या दिवसापासून तो मोज्यांवरच यायचा. मी सिलिकॉनच्या तापलेल्या तुकड्यावर सोन्याची वाफ सोडायची आणि सोन्याचे अणू आपले आपण रांगेत बसायचे, केसाहून हजारो पटींनी बारीक तारा व्हायच्या.

"तुमचं बरंय," तो म्हणायचा. "तुमच्या तारा आपोआप होतात. माझ्या एका सुईला अर्धा दिवस लागतो."

"मग सारखे इथे कसे दिसता?"

"उरलेला अर्धा कुठेतरी घालवायला हवा ना..."

मंगळवारी दुपारी तो असंच काहीतरी बोलून गेला आणि मी हसतहसत सुई खाली आणली, जरा जास्तच वेगाने. आपटली. तसं वहीत लिहायचं असतं. नंतर लिहू, म्हटलं. पण पुढचं चित्र इतकं देखणं आलं, की मी सगळं विसरले. प्रत्येक तारेशेजारी दुसरी तार! प्रयोगशाळेचे प्रमुख, आमचे सर, खूश. परिषदेत तूच मांड, म्हणाले.

त्याने मात्र चित्राच्या कोपऱ्यातल्या ठिपक्यावर बोट ठेवलं. "ह्या कचऱ्यालाही जोडीदार आहे, मॅडम. तेवढ्याच अंतरावर."

माझं तोंड उतरलं. सुईला दोन टोकं झाली होती, म्हणून सगळंच दोनदा उमटलं होतं. दुसरं टोक कुठून आलं, ते मला माहीत होतं. आणि मी गप्प बसले.

शुक्रवारच्या बैठकीत ते सरांच्याही लक्षात आलं. "असल्या सुया करतोस?" ते त्याच्यावर कडाडले. "महिनाअखेर तुझी मुदत संपते. पुढे ठेवायचं का, बघावं लागेल."

त्याने एकदाच माझ्याकडे पाहिलं. "चुकलं असेल, सर."

मी वहीच्या समासात रेघा मारत राहिले. घरी आईने विचारलं, "जेवत का नाहीस गं?" तिच्याही नजरेला नजर देववेना. स्वतःची इतकी लाज मला कधीच वाटली नव्हती.

सोमवारी सगळे जमल्यावर मी उभी राहिले. "सर, सुई चांगली होती. मी आपटली. वहीत लिहिलं नाही... आणि शुक्रवारी तोंड उघडलं नाही."

सरांनी चष्मा पुसून परत लावला. "परिषदेला तू येणार नाहीस," ते म्हणाले. मग त्याच्याकडे वळून, "तुझी मुदत वाढवतो."

दुपारी तो नवी सुई घेऊन आला. मी ती बसवली, चित्र सुरू केलं.

"तुम्हाला माहीत होतं," मी म्हणाले.

"ठिपका पाहिला तेव्हाच. माझी सुई आपटल्याशिवाय दुभंगत नाही."

"मग बोलला का नाहीत?"

"वाटलं, तुम्ही बोलाल." त्याने सुयांच्या डबीचं झाकण लावलं. "शनिवार-रविवार जड गेले..."

मला रडूच फुटलं. "माझ्याकडे बघू नका. मेल्याहून मेल्यासारखं झालंय. आणि... मला तुम्ही आवडता. सांगायला तोंड नाही, तरी सांगते."

पडद्यावर तारा उमटत होत्या, एकेकट्या, स्वच्छ. त्याने खिशातून रुमाल काढला.

"तू आधी नाक पूस," तो म्हणाला. पहिल्यांदाच 'तू'. आणि मग त्या शहाण्या माणसाने मोज्यांवर, जागच्या जागी, चक्क उडी मारली.

त्या चित्रात मधोमध एक ओळ थरथरलेली आहे. ह्या वेळी मी वहीत लगेच लिहिलं : तीन वाजून दहा मिनिटं. सुईवाला नाचला. कारण मी.