एक टोला

ही गोष्ट खरी आहे. रचलेली असती, तर शालननं तिचा शेवट तरी बदलला असता.

मे १९९८. सोमवार, कारखान्यांची सुट्टी. हातकणंगले रस्त्यावरच्या एका भंगाराच्या आवारात भर दुपारी ती आबांचा डबा घेऊन गेली.

आबा, म्हणजे तिचे वडील, कोडोलीचे आकाराम, फौजेतून निवृत्त होऊन तिथं राखणदारी करत.

"पिठलं असंल तर परत ने गं."

"वांगं हाय. खावा गुमान."

पण आबांचं लक्ष डब्याकडं नव्हतं. आवारात नवं भंगार आलं होतं. बुटकी, चारचाकी, दोन माणसांची चिलखती गाडी. एकाहत्तरच्या लढाईत आबा असलीच चालवत.

"हिची गंमत म्हाईत हाय का? पुढं जेवढी पळती, तेवढीच मागं. पाचही गिअरात. शत्रू बघायचा, आणि न वळताच माघारी पळायचं. वळाय गेलास की कूस उघडी पडली. संपला."

"मग मागचं दिसायचं कसं?"

"दुसरा गडी सांगायचा की. पत्र्यावर टोलं मारून. एसटीच्या घंटीवानी. एक म्हंजे थांब, दोन म्हंजे चल."

आबांचा दुसरा गडी कृष्णात. तोही कोडोलीचाच. मागची वाट बघायला खाली उतरला, आणि तोफा सुरू झाल्या. आबांनी गाडी मागं घेतली...

त्याच्याच अंगावरून.

गावी येऊन आबांनी त्याच्या आईला, धोंडुबाईला सांगितलं, दोन टोले वाजले होते. म्हातारीनं सत्तावीस वर्षं ऐकून घेतलं.

ठण्ण...

आवाज गाडीतून आला.

आवारात तिसरं कुणी नव्हतं.

आबांचा चेहरा उतरला. "किती वाजलं? दोन न्हवं?"

"एकच, आबा."

आबा गाडीजवळ गेले.

"तवाबी एकच वाजला हुता," ते म्हणाले. "मला ऐकू आला हुता, पोरी."

मग वळसा घातला. गाडीच्या मागं गेले. वाकून चाकांखाली बघू लागले.

"कृष्णात, ये बाहेर..."

ठण्ण. ठण्ण.

गाडीला इंजिन नव्हतं. टायर फाटलेले. जमीन सपाट.

तरी ती मागं सुटली.

शालननं हातातला डबा पत्र्यावर आपटला. एकदाच.

थांब!

गाडी थांबली नाही.

पोलिसांनी आबांच्या मरणाला कारण म्हणून कागदावर उतार लिहिला. टोल्यांचं शालन कुणालाच बोलली नाही.

तिसऱ्या दिवशी धोंडुबाई काठी टेकत आली. शेजारी बसली. हळूच विचारलं,

"किती टोलं वाजलं गं?"

खरं सांगितलं की काय होतं, ते शालन बघून आली होती.

"दोन, आजी."

"तुझा बापबी असंच म्हणाला हुता."

तेवढ्यात वर, घराच्या पत्र्यावर...

एक टोला.

शालननं नंतर पत्रा काढून कौलं घातली. तरी सोमवारी दुपारी पत्र्यावरचाच आवाज येतो. एकच. हातातलं काम टाकून ती आहे तिथं थांबते...

आणि दुसरा कधी पडतो, ते ऐकत राहते.