अनिल माळ्यावर का चढला

मथुरा आली ती पोरीचा हात घट्ट धरून. राम आळीतला तो अरुंद जिना चढून येईपर्यंत दोघींच्या छत्र्यांनी पायऱ्या भिजवून टाकल्या होत्या. दार उघडणाऱ्या काशीराम शिवलकरला आधी वाटलं, ह्या पत्ता चुकल्या असाव्यात. खाजगी तपास करणाऱ्या बाईंकडे सहसा मोटारीतून माणसं येत, आणि बहुधा आपल्याच सख्ख्या भावाबद्दल वाईट बोलायला येत.

काशीराम तीस वर्षं हवालदार होता. निवृत्त झाल्यावर घरी बसवेना, म्हणून तो सुनेत्रा आगाशे यांच्या हाताखाली आला. बाईंनी विमा कंपनीत वीस वर्षं अपघातांची चौकशी केली होती. काशीरामची अक्कल जरा सावकाश चाले. हे तो स्वतःच सांगे, आणि बाई नुसत्या हसत.

त्या दिवशी मात्र कुणीच हसलं नाही.

"माजे मालक गेले, बाई," मथुरा म्हणाली. "अनिल नाव त्यांचा. मराठेसायबांच्या कारखान्यात बॉयलरवर व्हते. रविवारी बॉयलर बंद आसतो, एकटेच डूटीवर व्हते नि तो नवा ग्यास गळला. तीन आठवडे झाले."

"पोलिसांनी काय लिहिलं?"

"अपघात. तो आसंल. पन कारखान्याच्या फळ्यावर कागद लावलाय, का अनिल माळ्यावर चढून झोपला व्हता, म्हनून ग्यास गळलेला कळला नाय. आमच्या वाडीतली चार मानसं तितं कामाला. सगळीकडं झाला. शाळेत पोरं हिला म्हनतात, तुजा बापूस झोपून मेला."

पाचवीतली संस्कृती खाली बघत बसली होती. ती एकदम म्हणाली, "बाबा झोपले नव्हते."

"मला दुसरा काय नको," मथुरा म्हणाली. "तेवढा तो कागद फळ्यावरनं उतरवून द्या."

बाईंनी पोरीला जवळ बोलावून विचारलं, "बाबांना नव्या गॅसचं काही शिकवलं होतं का गं?"

"हो. मे महिन्यात. कागद दिलेला. बाबांना वाचायला वेळ लागायचा, म्हणून मीच पाठ करून घेतला त्यांच्याकडून. रोज जेवल्यावर."

"तुला अजून येतो?"

"येतो."

"मग मी तुमच्या घरी येईन तेव्हा म्हणून दाखव."

दुसऱ्या दिवशी बाई आणि काशीराम मिरजोळ्याच्या औद्योगिक वसाहतीत गेले. वरद मराठे कारखान्याचा मालक. आंब्याचा रस डबाबंद करायचा, आंबा संपला की कोकम आणि फणस. पस्तिशीचा, नीटनेटका, आणि स्वतःच्या कारखान्याबद्दल बोलायला लागला की थांबणं माहीत नसलेला.

"बाई, मला वाईट वाटतंच. पण आमची चूक काढायला जागा नाही. एप्रिलमध्ये आम्ही सिलिंडरचा गॅस बंद केला आणि नैसर्गिक वायू घेतला. ट्रकवर लांब नळकांडी येतात, त्यातून. त्याआधी फेब्रुवारीत आमचे सुरक्षा अधिकारी अनिश साठे यांना दिल्लीला पाठवलं. नैसर्गिक वायू उद्योगाचं वार्षिक अधिवेशन असतं, तेरा ते पंधरा तारखेला. आमच्याएवढ्या छोट्या कारखान्यातून कोण पाठवतं सांगा! आणि मुलगाही असा, की तिथंच वडील गेल्याचा निरोप आला, परस्पर अंत्यविधीला गेला, तरी अहवाल वेळेवर दिला."

"त्या दिवसांत ते जाऊ शकत नाहीत, असं काही म्हणाले होते?"

वरद क्षणभर अडखळला. "रजा मागत होता. मी म्हटलं, अधिवेशन वर्षातून एकदाच येतं."

बॉयलरची शेड उंच होती. पावसासाठी वरचे झरोके ताडपत्रीनं गच्च बंद केले होते. खाली मात्र जमिनीलगत भिंतीला हवेसाठी भोकं पाडलेली होती. गॅस हुंगून भोंगा वाजवणाऱ्या दोन पेट्या भिंतीवर काशीरामच्या गुडघ्याइतक्या उंचीवर बसवल्या होत्या. बाहेर जायला दोन वाटा. एक विजेवर उघडणारं मोठं शटर, दुसरं पलीकडच्या टोकाचं लहान दार. लहान दाराला जायचं तर गळलेल्या सांध्याला अगदी खेटून जावं लागे. गॅसचा कॉकही तिथंच. एका कडेला लोखंडी शिडी आणि वर पत्र्याचा माळा. माळ्यावर रिकामी पोती.

"पोती बघितलीत?" काशीराम कुजबुजला. "झोपायला जागा झकास हो, बाई."

बाई भिंतीकडे बघत होत्या. तिथं डिंकाचे चार डाग होते आणि मधली भिंत कोरडी ठणठणीत, जराशी उजळ.

फिटर लवू स्वतःहून पुढे आला. तीन आठवड्यांत तो खंगलेला दिसत होता. "सांधा मी बसवलेला, बाई. आतला वायसर जुना व्हता. मी मागितलावता नवा, पन आला नव्हता. मला काय बोलायचा तो बोला."

"अनिलला खाली कुणी आणलं?"

"मी नि रघूनं. रघू गेटवर आसतो, त्यानं मला घरनं बोलवला. अनिल माळ्यावर कठड्याला टेकून बसलावता. तोंडावर वला पंचा बांधलेला. मोबाईल खिशात, पन बॅटरी काढून वेगली ठेवलेली."

"झोपमोड नको म्हणून," वरद म्हणाला.

रघू गेटवरून आला तो आधीच रडवेला. "चार वाजता चाय घेऊन आलो, लहान दारानं. तवर ट्रकवरचा ग्यास संपलावता, आवाज काय नव्हता, वास मात्र व्हता. मी खाली उभा ऱ्हावून धा मिन्टं हाका मारल्या. मंग वर पाय दिसले. शिडी चढलो तर डोक्यात घेरी आली, पडता पडता वाचलो. शटर उघडून ठेवला, लवूला घेऊन आलो, तवा कुठं वर जाता आला."

"खाली उभे होतात तेव्हा घेरी आली नाही?"

"नाय. खाली काय झाला नाय."

काशीरामनं हे वहीत लिहिलं आणि पुढच्या ओळीला लागला. त्याला त्यात विशेष काही दिसलं नाही.

अनिश साठेच्या टेबलावर हार घातलेला एका म्हाताऱ्या गृहस्थांचा फोटो होता. खाली तारीख होती, १५ फेब्रुवारी २००८. बाईंनी हात जोडले. अनिश तिशीचा, डोळ्यांखाली काळं, आवाज इतका हळू की काशीरामला कान द्यावा लागला.

"अधिवेशन कसं झालं?"

"फार उपयोगी." त्यानं कपाटातून अधिवेशनाची पिशवी आणि छापील कार्यक्रमपत्रिका काढली. "हे आधीच कुरिअरनं येतं. आणि हा माझा अहवाल."

बाईंनी तो वाचला. "सुरक्षिततेवर दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला रामनाथन यांचं भाषण. चांगलं बोलले?"

"हो. तासभर. पडद्यावर तक्ते दाखवले."

"कामगारांना दिलेल्या सूचनांचा कागद शेडमध्ये लावला होता ना?"

"पावसानं भिजला. काढला."

बाहेर पडल्यावर काशीराम म्हणाला, "मुलगा सज्जन वाटतो."

"सज्जन आहेच तो," बाई म्हणाल्या. "पण ती भिंत भिजलेली नाही."

पालीच्या पुढं वाडीत मथुराचं घर. संस्कृती ओटीवर उभी राहिली, हात मागे बांधले, आणि शाळेत कविता म्हणावी तशी म्हणू लागली.

"वास आला तर गळतीजवळ जाऊ नका. विजेचं कुठलंही बटण दाबू नका. मोबाईल बंद करून बॅटरी काढा. नाकातोंडावर ओलं फडकं बांधा. गॅस खाली साचतो, म्हणून उंच जागी जाऊन मदतीची वाट पाहा."

एक शब्द अडखळला नाही. मथुरा दारात उभी होती. तिनं पदर तोंडाला लावला.

परतताना काशीराम म्हणाला, "म्हणजे त्यानं शिकवलं तसंच केलं. शटरचं बटण विजेचं, म्हणून दाबलं नाही. लहान दार गळतीजवळ, म्हणून गेला नाही. फोन बंद, ओला पंचा, आणि वर चढला. बाई, त्यानं काहीच चुकवलं नाही. मग मेला कसा?"

"हेच विचारायला उद्या लोट्याला जायचंय."

लोट्याच्या वसाहतीत गोपाळकृष्ण अभ्यंकर एका रसायनाच्या कारखान्यात अभियंता होते, निवृत्तीला दोन वर्षं उरलेले. दिल्लीच्या त्या अधिवेशनाला ते दरवर्षी जात. बाईंनी विचारलं, जाऊन फायदा काय होतो?

"घरची मंडळी म्हणतात, पिशवी, पेन आणि पनीर." अभ्यंकर हसले. "भाषणं तर छापूनही मिळतात हो. पण तिथं डोळ्यांनी बघितलेलं विसरत नाही. या वर्षी सुरक्षिततेवर रामनाथन बोलणार होते, ते आजारी पडले. मग ते सत्र पहिल्याच दिवशी दुपारी घेतलं, बडोद्याच्या एका बाईंनी. भाषण नाहीच. साबणाच्या पाण्याची दोन घमेली मांडली. एकात सिलिंडरच्या गॅसचे फुगे काढले, ते गालिच्यावर जाऊन बसले. दुसऱ्यात नैसर्गिक वायूचे काढले, ते सरळ छताला. पाचशे माणसं पोरांसारखी टाळ्या वाजवत होती. तिथं आलेला माणूस दुसरं सगळं विसरेल, ते फुगे नाही विसरणार."

बाईंनी डोळे मिटले. काशीरामला या वेळी मात्र उशीर लागला नाही. त्याला ती उंच शेड दिसली, ताडपत्रीनं बंद केलेले झरोके दिसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेडमध्ये सगळे जमले. वरद, अनिश, लवू, रघू. मथुराला काशीरामनं आणलं होतं. पोरीला शाळेत पाठवा, असं बाईंनी मुद्दाम सांगितलं होतं.

"अनिल झोपायला वर गेला नव्हता," बाई म्हणाल्या. "झोपणारा माणूस तोंडावर ओला पंचा बांधत नाही. आवाज नको म्हणून फोन बंद करेल, बॅटरी काढून वेगळी ठेवणार नाही. त्याला वास आला, गळती कळली, आणि त्याला जे शिकवलं होतं ते त्यानं एकेक करून केलं. शेवटची सूचना होती, उंच जागी जा."

"ती बरोबरच आहे," वरद म्हणाला. "गॅस खाली बसतो."

"सिलिंडरचा. तो हवेपेक्षा जड असतो. नैसर्गिक वायू हलका, तो वर जातो. रघू खाली दहा मिनिटं उभा होता, त्याला काही झालं नाही. शिडी चढल्यावर घेरी आली. सगळा गॅस छताखाली कोंडला होता, कारण वरचे झरोके बंद. हवेची भोकं खाली, भोंग्याच्या पेट्या गुडघ्याशी. सगळी शेड जुन्याच गॅससाठी मांडलेली राहिली, आणि कागदही जुनाच राहिला."

वरदचा चेहरा उतरला. "पण अनिश दिल्लीला जाऊन आला..."

"नाही गेले ते. अहवालात लिहिलंय, दुसऱ्या दिवशी अकरा वाजता रामनाथन बोलले. छापील पत्रिकेत तसंच आहे. प्रत्यक्षात रामनाथन आलेच नाहीत, आणि ते सत्र पहिल्या दिवशी दुपारी झालं. हा वायू वर जातो, हे तिथं सगळ्यांना डोळ्यांसमोर दाखवलं. अनिश, तुमचे वडील पंधरा तारखेला गेले. तुम्ही कुठं होतात?"

अनिश खालीच बसला, त्या थंड फरशीवर.

"मुंबईत. हॉस्पिटलमध्ये. डॉक्टर म्हणाले होते, दोन-तीन दिवस. रजा मिळाली नाही. मी मुंबईला उतरलो तो पुढं गेलोच नाही. बाबांचा हात धरून बसलो होतो. वाटलं, अधिवेशनात काय असतं, भाषणंच ना, पत्रिकेवरून लिहिता येईल. सूचनांचा कागद आमचा पूर्वीचाच होता, तोच पुन्हा दिला." तो मथुराकडे वळला. "अनिल गेला त्या रात्री मी पुस्तकात बघितलं. मग शेडमधला तो कागद फाडला. सांगायचं धाडस झालं नाही. फळ्यावर ती नोटीस लागली तरी मी गप्प बसलो. मी पोलिसांकडे जातो."

रजेच्या अर्जावर नकार वरदनंच लिहिला होता, आणि ते त्याच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं.

मथुरानं बराच वेळ माळ्याकडे पाहिलं. "बाई, एक विचारू? ते खालीच झोपले आसते तर?"

सुनेत्राबाईंनी आजवर कुणाला खोटं सांगितलं नव्हतं. त्या दिवशी सांगावंसं वाटलं असावं.

"वाचले असते," त्या म्हणाल्या.

लवू तोंड फिरवून उभा राहिला. वरद घाईघाईनं म्हणाला, "मी आजच नवी नोटीस लावतो, वहिनी. सगळं लिहितो. अनिलनं सूचना तंतोतंत पाळल्या, सूचनाच चुकीच्या होत्या..."

"नको," मथुरा म्हणाली. ती एवढ्या जोरात म्हणाली की रघू दचकला. "तसा लिवू नका. तुमच्या पायी पडतंय. त्या सूचना माज्या पोरीनं पाठ करून घेतल्यात त्यांच्याकडनं. धा वर्साची हाय ती. उद्या तिला कळला तर ती काय म्हनंल? मीच मारला बाबाला, आसाच म्हनंल ना?"

काशीरामनं तीस वर्षांत पुष्कळ मृत्यू पाहिले होते, पुष्कळ बायकांचं रडणं ऐकलं होतं. मथुरा रडत नव्हती. त्यालाच रडू आवरेना, आणि त्यानं ते आवरलंही नाही.

"साठेसायेब पोलिसांना काय सांगायचा तो सांगूंदेत," ती म्हणाली. "फळ्यावर येवडाच लिवा, का अनिल जागा व्हता नि कामावर व्हता. बाकीचा ती मोठी झाली म्हंजे मी सांगन. नाय तर नाय सांगनार."

वरदनं जाऊन फळ्यावरचा कागद उतरवला आणि तिथंच उभ्या उभ्या नवा लिहिला. दोनच ओळी झाल्या. मथुराला वाचता येत नव्हतं, म्हणून तिनं काशीरामला तो दोनदा वाचायला लावला. मग ती म्हणाली, शाळा सुटायच्या आत घरी पोचायला हवं, आणि पालीच्या गाडीची वेळ विचारू लागली.